केस गळत नाहीत, तुटतात : आधी केस बघा, मग औषध लिहा

काही महिन्यांपूर्वी ओपीडीत चार वर्षांची एक मुलगी आली होती. डोक्यावर बोटाच्या पेराएवढेच केस. मानेच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर दाढीच्या खुंटांसारखे खरखरीत लागायचे. "डॉक्टर, तीनदा चमनगोटा केला. दर वेळी वाटलं आता तरी दाट येतील," आई सांगत होती. सोबत आजी होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "दिवस गेले होते तेव्हा हिने नीट खाल्लंच नाही, त्याचं हे." आई गप्प झाली आणि पिशवीतून एकेक बाटली काढून टेबलावर ठेवू लागली. दोन प्रकारची तेलं, लोहाचं सिरप, बायोटिनचं सिरप, मल्टिव्हिटॅमिन आणि एक बुरशीनाशक शाम्पू.

मी कात्रीने मुलीचे दहा-बारा केस कापले, काचपट्टीवर ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मग आईला बोलावून म्हटलं, "ताई, तुम्हीच बघा." प्रत्येक केस म्हणजे मण्यांची माळ होती. एक फुगीर मणी, मग बारीक मान, पुन्हा मणी, पुन्हा मान. केस तुटत होता तो त्या बारीक मानेपाशी. या विकाराचं नाव मॉनिलेथ्रिक्स. नावातच 'गळ्यातली माळ' आणि 'केस' हे दोन शब्द आहेत, एक लॅटिन आणि एक ग्रीक. मुलीचे वडील दाराशी टोपी घालून उभे होते. त्यांना टोपी काढायला सांगितली. मानेवर तेच खुंट. "लहानपणापासून असंच आहे. आमच्या दादांनाही होतं," ते म्हणाले.

आजी त्यानंतर काही बोलल्या नाहीत. हा दोष सुनेच्या खाण्यातून आलेला नव्हता, त्यांच्याच घरातून आला होता. आणि तसं पाहिलं तर तो कोणाचाच दोष नव्हता.

हा लेख मी लिहितोय तो त्या पिशवीतल्या बाटल्यांमुळे. त्या काही भोंदूबाबाने दिलेल्या नव्हत्या. माझ्यासारख्याच शिकलेल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशाच चिठ्ठ्या लिहिल्या आहेत, म्हणून हे बोट आधी माझ्याकडेच आहे. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे : केसांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा केस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय त्याला एकही औषध लिहू नये.

गळणं वेगळं, तुटणं वेगळं

आपल्या भाषेत दोन्हीला 'केस जातात' असं म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

केस गळतो तेव्हा तो मुळापासून सुटतो. रोज ५० ते १०० केस असे जाणं नैसर्गिक आहे. बाळंतपण, मोठा ताप, थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता यांत हे प्रमाण वाढतं. इथे अडचण मुळाशी किंवा शरीरात असते आणि औषधाचा उपयोग होऊ शकतो.

केस तुटतो तेव्हा मूळ जागेवरच असतं. ते इमाने इतबारे केस तयार करत असतं, पण बाहेर आलेला केसाचा दांडा कमजोर असतो आणि वाटेतच मोडतो. अशा माणसाची तक्रारही वेगळी असते. तो सहसा 'केस गळतात' म्हणत नाही. तो म्हणतो, 'माझे केस वाढतच नाहीत.' किंवा आई म्हणते, 'जावळ काढल्यापासून हिचे केस कधी कापावेच लागले नाहीत.' हे वाक्य ऐकलं की डॉक्टरचे कान टवकारले पाहिजेत.

घरी ओळखायची सोपी खूण आहे. उशीवर किंवा फणीत सापडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला पांढुरका बारीक गोळा दिसला तर तो मुळापासून सुटला आहे. दोन्ही टोकं तशीच, गोळा नाही आणि केस आखूड, तर तो तुटला आहे. ही तपासणी शंभर टक्के खात्रीची नाही, पण सुरुवात म्हणून चांगली आहे.

दांडा कशाचा बनलेला असतो?

कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. केसाच्या बाहेरच्या थरावर, म्हणजे क्युटिकलवर, कौलांसारखे एकावर एक बसलेले पापुद्रे असतात. त्यांच्या आत कॉर्टेक्स. तो सुंभासारखा, केराटिन या प्रथिनाच्या धाग्यांनी वळलेला. हे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. कौलं शाबूत असतील तोवर आतला सुंभ सुरक्षित. कौलं उडाली की सुंभ उसवतो. सुंभच मुळात चुकीचा वळला गेला असेल, तर कौलं कितीही शाकारली तरी दोर तुटणारच.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, दांड्याचे विकार दोन तऱ्हांचे : कौलं बाहेरून उडालेले, म्हणजे नंतर झालेले, आणि सुंभच चुकलेला, म्हणजे जन्मजात. दुसरी गोष्ट, डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो. त्याला रक्तपुरवठा नाही. जाहिराती त्याला 'पोषण' देतात, पण मेलेल्याला जेवण चालत नाही. त्याला आधार देता येतो, वंगण देता येतं आणि मार चुकवता येतो, एवढंच.

आपणच तोडलेले केस

रोजच्या ओपीडीत सर्वांत जास्त दिसतो तो ट्रायकोरेक्सिस नोडोसा. केसावर पांढरे ठिपके दिसतात, बरेचदा लिखा समजून त्यांच्यावर उवांचा उपचारही होतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिथे दोन झाडू एकमेकांत खुपसल्यासारखे दिसतात. कौलं उडाली, धागे पिंजले गेले आणि केस तिथे मोडायच्या बेतात आहे, असा त्याचा अर्थ. लांब केसांच्या टोकांना फुटणारे फाटे हे याच कुटुंबातले.

कारणं आपल्या परिचयाची आहेत. स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, ब्लीच, वारंवार रंग. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसणं, ओल्या केसांतून बारीक फणी ओढणं. पाण्याने केस फुगतो आणि जास्त ताणला जातो, म्हणून तो ओला असताना लवकर तुटतो. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री फिरवली तर आणखी एक प्रकार घडतो. केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दांड्यात बुडबुडे तयार होतात. याला 'बबल हेअर' म्हणतात. १९८०च्या दशकात त्याचं पहिल्यांदा वर्णन झालं. पाणी १०० अंशांना उकळतं आणि केसांच्या इस्त्र्या २०० अंशांच्या आसपास तापतात, हे लक्षात घेतलं तर नवल वाटायला नको.

रसायनांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. केस सरळ करायचा म्हणजे ते गंधकाचे बंध तोडायचे किंवा उष्णता देऊन केस नव्या आकारात बांधायचा. 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या काही उत्पादनांत ग्लायोक्झिलिक आम्ल असतं. अशा उत्पादनाने केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली आहे. लग्नाआधी स्मूदनिंग करणाऱ्या प्रत्येक मुलीची किडनी बिघडेल असं मी म्हणत नाही. पण पार्लरमध्ये बाटलीवरची यादी वाचायचा हक्क आपल्याला आहे, तो वापरा.

या गटाचा उपचार म्हणजे थांबणं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीस सेंटिमीटर लांब केस पूर्ण बदलायला अडीच वर्षं लागतात. 'तीन आठवड्यांत फरक' विकणाऱ्यांकडे या हिशोबाचं उत्तर मागा.

जन्मापासून तुटणारे केस

आता मण्यांच्या माळेकडे परत येऊ. मॉनिलेथ्रिक्समध्ये बाळाचं जावळ बहुधा नेहमीसारखं असतं. काही महिन्यांत ते जातं आणि त्याजागी तुटणारे केस येतात. म्हणूनच 'जावळ काढलं आणि केस बिघडले' असा समज होतो. डोक्याची मागची बाजू आणि मान इथे जास्त त्रास, आणि त्वचेवर बारीक खरखरीत पुळ्या. बहुतेक घरांत केसाच्या केराटिनच्या जनुकात दोष असतो आणि तो आई किंवा वडील, कोणाही एकाकडून येऊ शकतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. एकाच घरात कोणाचं डोकं जवळजवळ उघडं, तर कोणाच्या फक्त मानेवर खुंट, असं चालतं. त्या वडिलांचं तसंच होतं.

दुसरा प्रकार पिली टॉर्टी. यात चपटा केस स्वतःभोवती पिळलेला असतो, त्यामुळे उजेडात तो तुकड्या-तुकड्यांनी चमकतो. तिसरा, बांबूसारख्या गाठी असलेला केस. चौथा, जन्मतः लोकरीसारखे कुरळे केस. इथे लगेच सांगतो, कुरळे केस हा आजार नाही. ज्या घरात सगळ्यांचे केस कुरळे आहेत तिथे काळजीचं कारण नाही. एकाच मुलाचे केस जन्मापासून घरातल्या सगळ्यांपेक्षा पूर्ण वेगळे असतील आणि वाढत नसतील, तेव्हा तपासायचं.

केस निरोप आणतो

'हे सगळे दुर्मीळ आजार, ओपीडीच्या गर्दीत त्यांच्यासाठी वेळ कुठून आणायचा?' असं माझे काही डॉक्टर मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की काही वेळा केस आतल्या आजाराचा पहिला निरोप आणतो, आणि तो वाचला नाही तर वेळ निघून जाते.

मेंकेस आजाराची गोष्ट सांगतो. १९६२ मध्ये जॉन मेंकेस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एकाच कुटुंबातल्या मुलग्यांचं वर्णन केलं. केस आखूड, राठ, पिळलेले. सोबत झटके आणि मेंदूची खुंटलेली वाढ. कारण कळेना. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड डँक्स यांना या बाळांचे केस पाहून तिथल्या मेंढ्या आठवल्या. ज्या जमिनीत तांबं कमी, तिथे चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर अशीच बिघडते. त्यांनी बाळांच्या रक्तातलं तांबं मोजलं, ते कमी निघालं. आतड्यातून तांबं पुढे जातच नव्हतं. एका डॉक्टरने केस नीट बघितले म्हणून आजाराचं कारण सापडलं. कॉपर हिस्टिडिनची इंजेक्शनं जन्मानंतर अगदी पहिल्या आठवड्यांत सुरू झाली तर काही बाळांना फायदा होतो. उशिरा दिल्यास मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

असे आणखी काही निरोप :

१. लहान मुलाचे केस जागोजागी मोडतात आणि सोबत उलट्या, सुस्ती, विकासात मागे पडणं. अर्जिनिनोसक्सिनिक ॲसिड्युरिया या आजारात अमोनिया शरीराबाहेर टाकता येत नाही. रक्तातला अमोनिया तपासा. योग्य आहार आणि अर्जिनिन सुरू केल्यावर केसही सुधारू शकतात.

२. जन्मापासून लाल, सोलणारी त्वचा आणि बांबूसारखे केस. हा नेदरटन सिंड्रोम असू शकतो. तो साधा एक्झिमा समजून अंगभर टॅक्रोलिमसचं मलम लावलं, तर फाटक्या त्वचेतून ते रक्तात जास्त प्रमाणात उतरतं. इथे निदान चुकलं तर नेहमीचं मलमही धोक्याचं ठरतं. डोक्याचा केस साधा दिसला तर भुवईचा बघा, तिथे गाठी सापडण्याची शक्यता जास्त.

३. पिळलेले केस आणि बोलायला उशीर. ब्यॉर्नस्टॅड सिंड्रोममध्ये पिली टॉर्टीसोबत बहिरेपण असतं. मुलाची श्रवणचाचणी करून घ्या. वेळेवर श्रवणयंत्र मिळालं तर मूल बोलायला शिकेल.

४. लोकरीसारखे केस आणि हाता-पायांचे तळवे जाड. ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावरून नाव पडलेल्या नॅक्सोस आजारात किशोरवयापर्यंत हृदयाचे ठोके बिघडू लागतात आणि अचानक मृत्यूचा धोका असतो. ईसीजी आणि टूडी इको करायला वेळ लावू नका.

यातला एकही आजार बायोटिनच्या सिरपने बरा होत नाही. पण सिरप चालू आहे या समाधानात सहा महिने सहज जातात.

बायोटिनबद्दल एक कडू शब्द

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० ते ४० मायक्रोग्रॅम बायोटिन लागतं आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. केसांच्या गोळ्यांत ते ५ ते १० हजार मायक्रोग्रॅम असतं. त्याची खरी कमतरता फार थोड्यांना असते, आणि तिची लक्षणं त्वचेवर व मज्जासंस्थेतही दिसतात. 'घेतलं तर काय बिघडतं?' असं विचारलं जातं. बिघडतं. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही चाचण्या चुकीच्या येऊ शकतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघितलं जाणारं ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. म्हणून रक्त तपासणीला जाताना तुम्ही केसांची गोळी घेता हे डॉक्टरांना आणि लॅबला जरूर सांगा.

महागडं यंत्र लागत नाही

'केस तपासायला पुण्या-मुंबईला जावं लागेल' हा समज मला खोडायचा आहे. सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या लॅबमध्ये आहे. हिवतापाची आणि थुंकीची तपासणी आपल्याकडे वर्षानुवर्षं त्यावरच होते. त्याच यंत्राखाली, लहान भिंगातून, मण्यांची माळ दिसते, झाडू दिसतात, बांबूच्या गाठी दिसतात. लागतं काय? कात्री, काचपट्टी, थेंबभर द्रव आणि पाच मिनिटं.

केस उपटायचे नाहीत, टाळूलगत कापायचे. उपटताना दांडा ओढला जातो आणि खोटी विकृती दिसते. आदल्या दिवशी तेल लावू नये. वीस-पंचवीस केस पुरेत, कारण सगळेच केस सारखे बिघडलेले नसतात.

याच टेबलावर इतर गोष्टीही उलगडतात. डोक्यावर खवले आणि तुटके केस असतील तर ते डोक्याचं गजकर्णही असू शकतं. मुलांमध्ये ते बरंच आढळतं, आणि त्याला नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून औषध द्यावं लागतं. चाई असेल तर टाळूजवळ बारीक होत गेलेले केस दिसतात. मूल स्वतःच केस ओढत असेल तर वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस दिसतात, आणि तिथे औषधाआधी मुलाशी बोलायची गरज असते.

मग उपचार काय?

खरं सांगतो, जन्मजात विकारांना मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. मॉनिलेथ्रिक्समध्ये मिनॉक्सिडिलने काही रुग्णांत फरक दिसल्याचे अहवाल आहेत, पण रुग्णसंख्या थोडी आहे. पोटातून द्यायचं असेल तर ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. बऱ्याच जणांत वय वाढेल तसा त्रास थोडा कमी होतो.

रोजच्या काळजीचा उपयोग मात्र दोन्ही गटांत होतो :

- रुंद दातांचा कंगवा वापरा आणि गुंता टोकाकडून सोडवत वर या.
- केस पुसू नका, टॉवेलने टिपा. ओले असताना घट्ट वेणी किंवा अंबाडा नको.
- शाम्पूनंतर कंडिशनर लावा. धुण्याआधी खोबरेल तेल लावायची आपल्याकडची सवय चांगली आहे. त्याने धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण चोळून नको, हलक्या हाताने.
- इस्त्री, ब्लीच, स्मूदनिंग बंद.
- मुलाचं टक्कल करू नका. वस्तरा मुळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे केसाची जात बदलत नाही.

'मग निदान करून मिळालं काय? औषध तर नाहीच,' असं एका वाचकाने मागे विचारलं होतं. मिळतं ते असं : चौथा चमनगोटा टळतो. दर महिन्याचा बाटल्यांचा खर्च वाचतो. मुलीला उन्हाळाभर बुरशीचं औषध घ्यावं लागत नाही. आतला आजार असेल तर वेळेत सापडतो, नसेल तर तसं ठामपणे सांगता येतं. आणि आईवरचा आरोप खाली उतरतो. आपल्याकडे मुलाच्या शरीरात काहीही वेगळं निघालं की बोट आईच्या ताटाकडे जातं. ते बोट खाली घ्यायला लावणं हाही डॉक्टरच्या कामाचा भाग आहे, असं मी मानतो.

ती मुलगी आता शाळेत जाते. केस अजून आखूडच आहेत, मात्र मानेवरचे खुंट थोडे लांबले आहेत. मागच्या वेळी आई म्हणाली, "कोणी विचारलं तर ती सांगते, माझे केस मण्यांचे आहेत."

तुमच्या घरात कोणाचे केस 'वाढतच नाहीत' असं असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तेलाशिवाय जा आणि एक वाक्य बोला : "आधी केस बघता का?" माझ्या व्यवसायबंधूंनाही हीच विनंती. पेन उचलण्याआधी कात्री उचला, दहा केस कापा आणि बघा.